भाग १४ : क्लाउडमध्ये कोडने नेटवर्क कार्ड कसं बनवायचं (आणि मी त्यात कुठे आपटलो)

(हे या भागाचं लेखी रूप. बोलताना अडखळलेलं आणि मध्येच घेतलेले चहाचे ब्रेक गाळले आहेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की एडब्ल्यूएसवर सर्व्हरला दुसरं नेटवर्क कार्ड कोडमधून कसं जोडायचं. आज तेच घेऊ. पायथन आणि बोटो-थ्री वापरू. कोड कानाने ऐकवण्यात काही मजा नाही, म्हणून प्रत्येक पायरी शब्दांत सांगतो. कोणतं फंक्शन, त्याला काय द्यायचं आणि ते परत काय देतं, एवढं कळलं की टाइप करणं दहा मिनिटांचं काम आहे.

आणि हो, शेवटी माझीच एक फजिती सांगणार आहे. खरं तर हा भाग करायचं कारण तीच आहे.

आधी हे कार्ड म्हणजे काय?

एडब्ल्यूएसमध्ये याला इलास्टिक नेटवर्क इंटरफेस म्हणतात, थोडक्यात ईएनआय. मी सरळ ‘कार्ड’ म्हणेन. खरं तर हातात धरता येईल असं काही नसतं. ती फक्त एक नोंद असते. पण त्या नोंदीला स्वतःचा खाजगी आयपी असतो, मॅक अ‍ॅड्रेस असतो आणि सिक्युरिटी ग्रुप असतात.

मला हे समजलं ते सिम कार्डवरून. मोबाइल बदलला तरी नंबर सिमबरोबर जातो, बरोबर? तसंच इथे. कार्ड एका सर्व्हरवरून काढून दुसऱ्याला लावलं, की आयपी आणि मॅक दोन्ही त्याच्याबरोबर जातात. सर्व्हर म्हणजे हँडसेट आणि ईएनआय म्हणजे सिम.

दोन फरक लक्षात ठेवा. पहिला, प्रत्येक सर्व्हरबरोबर जन्मतःच एक कार्ड येतं, त्याचा नंबर शून्य. ते काढता येत नाही. बाकीची काढता-घालता येतात. दुसरा, कार्ड एका सबनेटचं असतं आणि सबनेट एका अव्हेलेबिलिटी झोनचं. म्हणजे मुंबई रीजनच्या ‘ए’ झोनमधलं कार्ड ‘बी’ झोनमधल्या सर्व्हरला लागणार नाही. नवीन माणूस हमखास इथेच अडतो. एरर वाचत बसतो आणि झोन बघतच नाही.

किती कार्डं लागतील हे सर्व्हरच्या साइजवर ठरतं. टी-थ्री मायक्रोला २, एम-फाइव्ह लार्जला ३. आणि दोन कार्डं लावली म्हणून स्पीड दुप्पट होत नाही. हा गैरसमज मी इंटरव्ह्यूमध्येसुद्धा ऐकलाय.

आता कोड

पहिली पायरी : बोटो-थ्रीचा ईसी-टू क्लायंट बनवा. रीजन स्पष्ट लिहा, एपी-साउथ-१ म्हणजे मुंबई. डीफॉल्टवर सोडलं तर लॅपटॉपवर एक रीजन आणि जेनकिन्सवर दुसराच, असं होतं.

दुसरी पायरी : ‘क्रिएट नेटवर्क इंटरफेस’ हे फंक्शन. त्याला सबनेटचा आयडी लागतोच. सिक्युरिटी ग्रुपची यादी द्या. नाही दिली तर त्या व्हीपीसीचा डीफॉल्ट ग्रुप लागतो, आणि मग ‘पोर्ट का उघडत नाही’ म्हणून आपण तासभर डोकं खाजवतो. ठराविक आयपी हवा असेल तर तोही देता येतो, नाहीतर सबनेटमधला मोकळा कुठलाही मिळतो. वर्णन आणि टॅगही याच वेळी टाका. नंतर टाकू म्हटलं की राहिलंच.

अजून एक गोष्ट द्या : क्लायंट टोकन. समजा तुमचा कॉल पोचला, कार्ड बनलं, पण उत्तर येण्याआधी कनेक्शन तुटलं. स्क्रिप्टने परत प्रयत्न केला, की दुसरं कार्ड तयार. तेच टोकन परत पाठवलं तर एडब्ल्यूएसला कळतं की ही जुनीच विनंती आहे, आणि नवीन कार्ड बनत नाही.

तिसरी पायरी : थांबा. उत्तरात कार्डाचा आयडी मिळतो, पण ते लगेच वापरायला तयार असेलच असं नाही. बोटो-थ्रीमध्ये यासाठी वेटर आहे, तो कार्डाची स्थिती ‘अव्हेलेबल’ होईपर्यंत बघत राहतो. तिथे स्वतःचा स्लीप पाच सेकंद लिहू नका.

चौथी पायरी : ‘अटॅच नेटवर्क इंटरफेस’. कार्डाचा आयडी, सर्व्हरचा आयडी आणि डिव्हाइस इंडेक्स १, कारण शून्य आधीच भरलेला आहे. उत्तरात अटॅचमेंट आयडी येतो. हा कार्डाच्या आयडीपेक्षा वेगळा असतो. जपून ठेवा, काढताना हाच लागतो.

पाचवी पायरी सर्व्हरच्या आत. अ‍ॅमेझॉन लिनक्स नवं कार्ड स्वतः ओळखतं. बाकी ठिकाणी कधी कधी हाताने सेटिंग करावं लागतं. इथला नेहमीचा घोळ असा : पॅकेट दुसऱ्या कार्डावरून आत येतं, पण उत्तर डीफॉल्ट रूटने पहिल्या कार्डावरून बाहेर पडायला बघतं. एडब्ल्यूएस तपासतं की या पॅकेटवरचा पत्ता या कार्डाचा आहे का. नसेल तर पॅकेट गुपचूप फेकून दिलं जातं. लॉगमध्ये काही नाही, एरर नाही. उपाय म्हणजे दुसऱ्या कार्डासाठी वेगळं राउटिंग टेबल आणि ‘या पत्त्यावरून निघालेलं याच कार्डाने जाऊ दे’ असा नियम.

झालं. कार्ड बनलं, लागलं, चालू झालं. बहुतेक ट्यूटोरियल इथेच संपतात. माझीही स्क्रिप्ट इथेच संपली होती.

माझी फजिती

नोकरीतला आठवा महिना होता. कंपनीचं नाव सांगत नाही, आता मी तिथे नाही. आमच्या टेस्टिंगसाठी दोन कार्डांचा सर्व्हर लागायचा. मी स्क्रिप्ट लिहिली : सर्व्हर उभा कर, कार्ड बनव, जोड, टेस्ट चालव, सर्व्हर टर्मिनेट कर. सुंदर चालली. स्टँडअपमध्ये कौतुकही झालं.

मला माहीत नसलेली गोष्ट अशी. सर्व्हरबरोबर आलेलं पहिलं कार्ड सर्व्हर मेला की आपोआप जातं. पण एपीआयने नंतर जोडलेल्या कार्डाचं ‘डिलीट ऑन टर्मिनेशन’ डीफॉल्टने बंद असतं. हँडसेट भंगारात गेला तरी सिम चालूच राहतं, आणि नंबर कुणालाच मिळत नाही. म्हणजे माझी प्रत्येक टेस्ट मागे एक बेवारस कार्ड सोडून जात होती.

आता हिशोब करा. सबनेट स्लॅश २४ चं होतं. पत्ते २५६, पण एडब्ल्यूएस प्रत्येक सबनेटमधले ५ स्वतःकडे ठेवतं. उरले २५१. त्यातले ७६ आधीच वापरात होते, म्हणजे १७५ मोकळे. रोज साधारण १५ टेस्ट. बाराव्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी सबनेट फुल्ल. एरर आली की सबनेटमध्ये पुरेसे मोकळे पत्ते नाहीत. नुसत्या माझ्या टेस्ट नाही, त्या सबनेटमधलं सगळ्यांचं स्टेजिंग बंद पडलं.

हे अकरा दिवस कुणाच्या लक्षात का आलं नाही? कारण नुसत्या कार्डाचे पैसे लागत नाहीत. बिल वाढत नाही, त्यामुळे कुणी विचारत नाही. त्या कार्डाला पब्लिक आयपी असता तर १ फेब्रुवारी २०२४ पासूनच्या दराने तासाला ०.००५ डॉलर, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर, प्रत्येकी. तेव्हा निदान फायनान्सवाल्यांचा मेल तरी आला असता!

बरं, इथपर्यंत चूक म्हणजे नवख्याची चूक. पुढची मात्र माझी घाई.

मी तिथल्या तिथे दुसरी स्क्रिप्ट लिहिली : त्या सबनेटमधली स्थिती ‘अव्हेलेबल’ असलेली सगळी कार्डं शोध आणि डिलीट कर. कुणाला जोडलेलं नाही म्हणजे कचराच, नाही का? दीड मिनिटात सबनेट मोकळं. मी ग्रुपवर अंगठा टाकला आणि घरी निघालो.

रात्री साडेदहाला टीम लीडचा फोन. “लायसन्स सर्व्हरचं कार्ड तू काढलंस का?”

झालं असं की आमच्या एका सिम्युलेशन सॉफ्टवेअरचं लायसन्स मॅक अ‍ॅड्रेसला बांधलेलं होतं. त्या दिवशी तो सर्व्हर नव्याने बांधायचं काम चालू होतं. जुना टर्मिनेट केला होता आणि त्याचं कार्ड मुद्दाम बाजूला राखून ठेवलं होतं. ते कार्ड माझ्या स्क्रिप्टच्या नजरेत इतरांसारखंच ‘अव्हेलेबल’.

मी म्हटलं, तोच आयपी देऊन परत बनवतो. आयपी नशिबाने मोकळा होता, मिळालाही. पण मॅक अ‍ॅड्रेस आपल्याला निवडता येत नाही, तो एडब्ल्यूएस देतं. जुना गेला तो गेला. नवीन लायसन्स फाइल मागवावी लागली, आणि ती देणारं ऑफिस सोमवारी उघडणार होतं. शनिवार-रविवारी टेस्टिंग करायला आलेली नऊ माणसं बसून राहिली. माझं कन्फर्मेशन त्याच महिन्यात होतं.

रात्री एक वाजता मी सगळ्यांना मेल लिहिला. काय केलं, कुठल्या ओळीने झालं आणि कितीला, सगळं. तीन वेळा ड्राफ्टमध्ये टाकला. मग पाठवला. सकाळी लीडचं एका ओळीचं उत्तर : “ठीक आहे. सोमवारी आपण दोघं मिळून ही स्क्रिप्ट परत लिहू.” कन्फर्मेशन झालं, पण ते नंतर.

सोमवारी आम्ही काय लिहिलं

एक. कार्ड जोडल्यावर लगेच ‘मॉडिफाय नेटवर्क इंटरफेस अ‍ॅट्रिब्यूट’ हा कॉल. अटॅचमेंट आयडी देऊन ‘डिलीट ऑन टर्मिनेशन’ चालू. एवढ्या एका कॉलने ते १७५ पत्ते वाचले असते.

दोन. सर्व्हर नवाच असेल तर कार्ड वेगळं बनवूच नका. ‘रन इन्स्टन्सेस’मध्येच दुसऱ्या कार्डाचं वर्णन देता येतं, आणि तिथेच तो फ्लॅगही चालू करता येतो. वेगळं कार्ड तेव्हाच बनवा, जेव्हा त्याने सर्व्हरपेक्षा जास्त जगायला हवं. लायसन्स सर्व्हरचं कार्ड अगदी तसंच होतं.

तीन. बनवणं आणि जोडणं यांच्यामध्ये स्क्रिप्ट मेली तर फ्लॅगचा उपयोग नाही, कारण कार्ड कुणाला जोडलेलंच नाही. त्यासाठी आवराआवर ‘फायनली’ ब्लॉकमध्ये. क्रम असा : डिटॅच, वेटर, मग डिलीट. जोडलेलं कार्ड थेट डिलीट होत नाही.

चार. टॅग. कुणी बनवलं, कशासाठी, आणि कधी. ‘कधी’ का? कारण कार्डाच्या माहितीत ते कधी बनलं याची तारीख मिळतच नाही. आपण लिहिली नाही तर कार्डाकडे बघून कळत नाही. साफसफाईची स्क्रिप्ट आता फक्त आपलाच टॅग असलेली, एका दिवसापेक्षा जुनी आणि मोकळी कार्डं काढते. ज्याला टॅग नाही त्याला हात लावत नाही. नुसती यादी ग्रुपवर टाकते. हाच नियम आयएएम पॉलिसीतही घातला, म्हणजे स्क्रिप्ट चुकली तरी परवानगीच मिळणार नाही.

आणि हो, एपीआयमधल्या ‘ड्राय रन’वर भरवसा ठेवू नका. तो फक्त तुम्हाला परवानगी आहे का एवढंच सांगतो. काय काय उडणार याची यादी आपणच छापायची, वाचायची आणि मग पुढे जायचं.

तर आज घरी गेल्यावर

तुमच्या अकाउंटमध्ये कार्डांची यादी काढा. स्थिती ‘अव्हेलेबल’चा फिल्टर लावा, आणि पेजिनेटर वापरा, नाहीतर मोठ्या अकाउंटमध्ये पहिलंच पान बघून खूश व्हाल. जी दिसतील त्यातलं एकही आज डिलीट करू नका. प्रत्येकासमोर फक्त लिहा : हे कुणाचं? उत्तर नाही सापडलं तर माणसांना विचारा. त्या शुक्रवारी मी शेजारच्या डेस्कवर विचारलं असतं, तर दोन मिनिटांत कळलं असतं.

तुमच्या यादीत काय सापडलं ते मला कळवा. पुढच्या भागात राउटिंग टेबल नीट उलगडू. तोपर्यंत, भेटू!