शिकागोची नदी हिरवी होते, मग डब्लिनची का नाही?

मार्च महिना आला की एक व्हिडिओ हमखास समोर येतो. मोठमोठ्या इमारती, मधून वाहणारी नदी आणि पाणी एकदम पोपटी हिरवं. खाली लोक लिहितात, 'आयर्लंडमध्ये असं असतं बघा!'

तर ते आयर्लंड नाही, अमेरिकेतलं शिकागो आहे.

निमित्त असतं १७ मार्चच्या सेंट पॅट्रिक्स डेचं. सांडपाणी नदीत कुठून मिसळतंय हे शोधायला शिकागोचे प्लंबर रंग वापरायचे. त्यावरून १९६२ मध्ये त्यांच्या संघटनेने अख्खी नदीच रंगवली. गंमत म्हणजे पाण्यात टाकतात ती पावडर असते केशरी, हिरवी होते ती पाण्यात गेल्यावर. पहिल्या वर्षी अंदाज चुकला आणि नदी आठवडाभर हिरवीच राहिली.

मग खुद्द आयर्लंडमध्ये काय होतं? तिथे हा दिवस आधी धार्मिक. सकाळी चर्च, कोटाला शॅमरॉकची, म्हणजे तीन पानांच्या तिपतियाची डहाळी, संपला सण. १९०३ मध्ये सरकारी सुट्टी मिळाली. पण १९२७ च्या कायद्याने या दिवशी पब बंद ठेवले आणि पुढे कित्येक वर्षं ते बंदच राहिले. डब्लिनच्या डॉग शोमध्ये तेवढी दारू मिळायची, त्यामुळे त्या दिवशी श्वानप्रेमींची संख्या अचानक वाढायची! आज डब्लिनमध्ये दिसणारा अनेक दिवसांचा झगमगाट १९९६ पासूनचा. म्हणजे धूमधडाका परदेशात गेलेल्यांनी सुरू केला आणि मायदेशाने तो नंतर उचलला.

जेवणाचंही तसंच. अमेरिकेत या दिवशी कोबीसोबत खारवलेलं बीफ. आयर्लंडमध्ये मात्र कोबीबरोबर डुकराचं मांस खातात. न्यूयॉर्कला गेलेल्या गरीब आयरिश लोकांना शेजारच्या ज्यू खाटिकांकडे खारवलेलं बीफ स्वस्तात मिळायचं, तेच पुढे 'पारंपरिक' झालं.

न्यूयॉर्कची मिरवणूक तर १७६२ पासूनची, अमेरिका देश जन्मायच्याही आधीची. पण समलैंगिक गटांना स्वतःचा फलक घेऊन त्यात चालायला अनेक वर्षं बंदी होती. वाद झाले, बहिष्कार झाले, २०१५ मध्ये पहिल्या गटाला परवानगी मिळाली. २०१८ मध्ये त्याच मिरवणुकीत आयर्लंडचे पंतप्रधान आपल्या जोडीदारासोबत चालले. त्यांचं नाव लिओ वराडकर. हो, तेच. वडील मूळचे मालवण तालुक्यातल्या वराड गावचे.

पण या सगळ्यात वेगळी गोष्ट आहे कॅरिबियन समुद्रातल्या माँटसेरात या चिमुकल्या बेटाची. सतराव्या शतकात इथे आयरिश कॅथलिक येऊन वसले. इंग्रजांच्या जाचाला कंटाळलेली ही माणसं. पण त्यांच्यातले काही जण पुढे उसाच्या मळ्यांचे मालक झाले आणि आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना राबवू लागले.

१७६८ साली या गुलामांनी उठाव ठरवला. दिवस निवडला १७ मार्च, कारण मालक सणाच्या नशेत असणार. बेत आधीच फुटला. पकडलेल्यांपैकी नऊ जणांना फाशी दिल्याचं बेटावर सांगितलं जातं.

१९८५ पासून माँटसेरातमध्ये १७ मार्चला सार्वजनिक सुट्टी असते. तिथेही हिरवे कपडे, मिरवणुका, शॅमरॉक सगळं असतं. पण मुखवटे घातलेले नर्तक आफ्रिकी तालावर नाचतात, पानात बकऱ्याच्या मटणाचा रस्सा असतो आणि आठवण असते ती सेंट पॅट्रिकपेक्षा त्या फसलेल्या उठावाची. बेटावरच्या अनेकांची आडनावं आजही आयरिश आहेत, रायली, स्वीनी वगैरे. त्यातली बरीच कुटुंबं गुलामांच्या वंशातली आहेत.