कात्री न लागलेले पाच सेट

ऐंशीच्या दशकात भारतीय प्रेक्षकासाठी विम्बल्डन म्हणजे दूरदर्शनवरची फायनल. १९८५ साली १७ वर्षांचा बोरिस बेकर जिंकला तो ज्यांनी पाहिला त्यांनी पाहिला. बाकीच्यांच्या वाट्याला दुसऱ्या दिवशीच्या पेपरातला स्कोअर आणि एखादा फोटो. ज्यांच्या घरी व्हीसीआर होता ते कॅसेट लावून ठेवत, पण तीन तासांच्या कॅसेटवर पाचवा सेट मावेलच याची खात्री नसे.

नव्वदीत केबल आली. २००५ मध्ये यूट्यूब आलं, पण लवकरच तिथे दहा मिनिटांची मर्यादा पडली आणि काही वर्षं टिकली. अख्खा सामना म्हणजे मग तुकड्यांची लांबलचक रांग.

२०२० मध्ये कोविडमुळे विम्बल्डन रद्द झालं, दुसऱ्या महायुद्धानंतर पहिल्यांदाच. त्या रिकाम्या पंधरवड्यात जुने सामने पुन्हा बाहेर निघाले. आज विम्बल्डन आणि ऑस्ट्रेलियन ओपनच्या अधिकृत यूट्यूब चॅनेलवर कितीतरी पूर्ण सामने हवे तेव्हा पाहता येतात. टेनिस रसिकाला मिळालेली ही फार मोठी गोष्ट आहे.

कारण हायलाइट्समध्ये फटके दिसतात, सामना दिसत नाही. विम्बल्डनची ६ जुलै २००८ ची फेडरर-नदाल फायनल घ्या. चौथ्या सेटच्या टायब्रेकमध्ये नदाल ५-२ ने पुढे, सर्व्हिस त्याचीच, आणि तो डबल फॉल्ट करतो. पुढे ८-७ वर, मॅच पॉइंट वाचवताना, फेडररचा बॅकहँड पासिंग शॉट रेषेलगत निघून जातो. तो फटका प्रत्येक क्लिपमध्ये असतो. पण त्याआधीचे तीन सेट आणि पावसाने थांबलेला खेळ सलग पाहिल्याशिवाय त्या डबल फॉल्टचं वजन कळत नाही. सामना संपला तेव्हा लंडनमध्ये रात्रीचे सव्वानऊ वाजून गेले होते आणि भारतात पावणेदोन. अनेकांनी तो अर्ध्यावरच सोडून झोप घेतली असणार!

शिवाय पूर्ण सामना म्हणजे खेळाचा दस्तऐवज. १९८० च्या बोर्ग-मॅकेन्रो फायनलमध्ये दोघांच्याही हाती लाकडी रॅकेट, आणि गवत झिजलेलं दिसतं ते नेटकडे जाणाऱ्या वाटेवर. २००८ मध्ये ते झिजलंय बेसलाइनपाशी. सर्व्ह करून नेटकडे धावणारे खेळाडू कसे कमी होत गेले, हे ती मातीच सांगते. आणि २०२५ पासून विम्बल्डनमध्ये लाइन जज उरले नाहीत; तिथली त्यांची ‘आउट’ची आरोळी आता अशा जुन्या सामन्यांतच ऐकू येते.

निकाल ठाऊक असल्याने मजा जाते, असं म्हणणाऱ्यांनी २०१९ ची फायनल लावावी. पाचव्या सेटमध्ये फेडरर ८-७, ४०-१५. दोन मॅच पॉइंट, सर्व्हिस हातात. तो हरणार हे माहीत असतं, म्हणून तर नजर जोकोविचच्या चेहऱ्यावरून हलत नाही. सामना ४ तास ५७ मिनिटांचा आहे. सवडीने बघा, पण पुढे पळवत पळवत बघू नका.