डॅशबोर्डच्या मागचं काम

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्ग गिनीज बुकात गेला. लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटर एकपदरी डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत सलग तयार झाला होता. त्याआधी कैक वर्षं याच वाटेनं गाड्यांची हाडं खिळखिळी केली. अमरावतीत बसवून घेतलेला नवाकोरा स्टिरिओ मूर्तिजापूर येईतो खोबणीत खुळखुळू लागे. दोष मात्र एकट्या रस्त्याचा नसे.

स्टिरिओभोवती पत्र्याची चौकट असते. तिच्या पाकळ्या वाकवून ती डॅशबोर्डला घट्ट करायची, आणि सेटची मागची बाजू बोल्ट-पट्टीनं आत बांधायची. घाईतला कारागीर मागची पट्टी लावतच नाही. मग सगळं वजन पुढच्या चौकटीवर येतं.

खोबणीचं माप जर्मनांनी ठरवलं आणि जगानं मानलं: १८० बाय ५० मिलिमीटर, म्हणजे सिंगल डिन. उंची दुप्पट केली की डबल डिन. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत रुंदी २०० असते, म्हणून कडेला पट्ट्या लागतात. या मापामुळेच जुन्या मारुतीत कुठल्याही कंपनीचा सेट बसायचा. आता नऊ इंची टचस्क्रीन आले आणि प्रत्येक मॉडेलची फ्रेम वेगळी झाली. हजारोंचा स्क्रीन घेणारं गिऱ्हाईक याच फ्रेमच्या किमतीवरून घासाघीस करतं. ती काटकसर पुढे फटीच्या रूपानं रोज समोर दिसते.

पॅनल काढताना स्क्रू ड्रायव्हर नको, प्लास्टिकची पट्टी हवी. वऱ्हाडात पारा ४५ च्या वर जातो. असे दहा उन्हाळे सोसलेली क्लिप जरा तिरका जोर पडला की तुटते.

खरी परीक्षा वायरिंगची. पिवळी वायर बॅटरीचा कायम करंट देते, लाल चावी फिरवल्यावरचा, काळी अर्थिंगची. पिवळी-लाल एकत्र पिळून टाकली तर स्टिरिओ चालतो, पण चावीनं बंद होत नाही, आणि चार दिवस उभ्या गाडीची बॅटरी बसते. फोक्सवॅगन, स्कोडाच्या कित्येक गाड्यांत या दोघींच्या जागाच उलट असतात. तिथे अदलाबदल केली नाही, तर गाडी बंद करताच लावून ठेवलेली स्टेशनं पुसली जातात. निळ्या वायरीकडे तर कुणी बघतच नाही. अँटेनाच्या अँप्लिफायरला करंट तिच्यातून जातो. ती सुटली, तर शहराबाहेर पडताच आकाशवाणी खरखरू लागते.

म्हणून जाणती मंडळी ‘कपलर टू कपलर’ मागतात: कंपनीची वायर न कापता सॉकेटला सॉकेट. कापून चिकटपट्टी गुंडाळलेल्या जोडाचा गोंद मे महिन्यात पाघळतो.

खोक्यावरच्या ‘५२ वॉट गुणिले ४’ला भुलू नये. १४.४ व्होल्टचा वर्ग भागिले स्पीकरचे ४ ओहम, एवढंच ते गणित. आवाज न फाटता मिळणारी ताकद त्याच्या निम्म्याहूनही कमी असते.

पॅनल दाबून बसवण्याआधी चावी दोनदा फिरवून बघावी, चारही स्पीकर वेगवेगळे ऐकावेत, रिव्हर्स टाकून कॅमेरा तपासावा. काढलेला मूळ सेट आणि त्याची फ्रेम दुकानात सोडू नये. वायर कापलेली नसेल, तर गाडी विकताना तो अर्ध्या तासात परत बसतो आणि महागडा स्क्रीन पुढच्या गाडीसाठी हाताशी राहतो. फ्रेम तेवढी नवी घ्यावी लागते.