भिंत कोरडी, तरी दिवसाला टँकरभर पाणी

गैरसमज : बोगद्याची भिंत हाताला कोरडी लागली, म्हणजे खडकातून पाणी येत नाही.

वस्तुस्थिती : येतं, थेंब धरण्याआधी हवा ते उचलते, इतकंच. हिशेब करून पाहा. २० अंश सेल्सियसला घनमीटरभर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास वाफ मावते. आत शिरताना हवेची आर्द्रता ४० टक्के आणि बाहेर पडताना ८० टक्के असेल, तर दर घनमीटरमागे सुमारे ७ ग्रॅम पाणी गेलं. पंखे सेकंदाला १० घनमीटर हवा ओढत असतील, तर दिवसाला जवळजवळ ६,००० लिटर. छोटा टँकर भरेल एवढं पाणी, आणि तळाला डबकंही नाही!

पाझर लपवणाऱ्या या हवेलाच स्वीडनमध्ये मोजमापाला जुंपलं गेलं. स्ट्रिपा इथली लोखंडाची खाण बंद पडल्यावर, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, स्वीडिश आणि अमेरिकी संशोधकांनी तिथल्या ग्रॅनाइटमध्ये हा प्रयोग केला. अणुकचरा खोल खडकात पुरायचा, तर पाणी कसं हलतं हे आधी कळायला हवं होतं. जमिनीखाली तीनशेहून जास्त मीटरवर बोगद्याचा ३३ मीटरचा तुकडा बंद करून त्यांनी आत गरम हवा खेळवली. येणाऱ्या आणि जाणाऱ्या हवेतल्या वाफेचा फरक, तो पाझर. भोवताली भोकं पाडून पाण्याचा दाबही मोजला, कारण नुसत्या पाझरावरून खडक पाण्याला किती वाट देतो ते ठरत नाही. एकट्या भोकातल्या चाचणीत नेमकी मोठी भेग हुकू शकते. इथे चहूबाजूंचा खडक एकदम हिशेबात आला.

गैरसमज : हवा फक्त आलेलं पाणी नेते, खडक होता तसाच राहतो.

वस्तुस्थिती : ९९ टक्के आर्द्रतेची, आपल्याला दमट वाटणारी हवासुद्धा सुमारे १४० मीटर उंच पाण्याच्या दाबाएवढ्या जोराने ओल ओढते. भिंतीलगतच्या बारीक छिद्रांत हवा शिरते आणि तिथली पाण्याची वाट अरुंद होते. म्हणून हाती येणाऱ्या आकड्यात पंख्यांचाही वाटा असतो.

गैरसमज : मग पंखे बंद करावेत, जे ठिबकेल तो खडकाचा पाझर.

वस्तुस्थिती : अमेरिकेत नेवाडातल्या युक्का माउंटनमध्ये बोगद्याचा काही भाग दारं लावून बंद ठेवला, तेव्हा आत पाणी दिसलं. पण दमट हवेतली वाफ जरा थंड पृष्ठभागावर जमली, तरी थेंब तसेच दिसतात. उलगडा रसायनशास्त्र करतं : खडकातून आलेल्या पाण्यात क्षार विरघळलेले असतात, वाफेच्या पाण्यात ते जवळजवळ नसतात.