छोटा विनोदी चित्रपट कोणासाठी?

जुन्या नाटक मंडळ्यांतले नट पडद्याच्या बारीक भोकाला डोळा लावून आज पिटात कोण बसले आहे, हे आधी पाहून घेत. व्यापारी अधिक दिसले तर एक चिमटा, विद्यार्थी अधिक दिसले तर दुसरा. चित्रपट करणाऱ्याला असे भोक नाही. त्याचा विनोद एकदा डबीत बंद झाला की ती डबी कोणत्या गावी, कोणासमोर उघडेल हे त्याच्या हाती राहत नाही. मोठ्या चित्रपटाला गाणी, कथा, नामांकित नट असा आधार तरी असतो. पाच-दहा मिनिटांच्या विनोदी चित्रपटाला तोही नसतो. प्रेक्षक हसला तर हसला, नाही तर सारा खेळ फुकट. म्हणून ‘हा कोणासाठी?’ हा प्रश्न छोट्या विनोदी चित्रपटाला सर्वांत आधी विचारावा लागतो.

आपल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना या प्रश्नाची जाण पुरेपूर होती. १९१२ साली ते लंडनला गेले आणि वॉल्टन येथील सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत ही विद्या पाहून आले. परत आल्यावर त्यांनी वाटाण्याच्या दाण्याला कोंब फुटून वेल कसा वाढतो, याचे चित्रण केले. तो चिमुकला चित्रपट जनतेसाठी नव्हताच. ज्यांच्याकडून भांडवल मिळवायचे त्या मोजक्या मंडळींची खात्री पटावी एवढ्यासाठी तो होता, आणि ते काम त्याने चोख केले. पुढे ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला, तेव्हा त्याच खेळात विलायती बाईचा नाच, पायांनी कसरत करणारा गडी आणि ‘टिप टॉप कॉमिक्स’ नावाचा विनोदी भागही ठेवला होता. नुसत्या पौराणिक चित्रासाठी मुंबईकर पैसे मोजतील याचा भरवसा अजून कोणालाच नव्हता.

सुरतेला गाठ निराळ्या प्रेक्षकाशी पडली. तेथला माणूस दोन आण्यांत सहा सहा तास नाटक पाहणारा. दीड तासाच्या खेळाला जास्त पैसे तो कशाला देईल? तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली की सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सारे अवघ्या तीन आण्यांत! खेळ तोच राहिला. फक्त समोरचा माणूस कोणत्या मापाने मोजतो हे त्यांनी ओळखले. पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’ला त्यांनी ‘पिठाचे पंजे’ हे स्वतःचेच छोटे प्रहसन जोडले.

आता विलायतेकडे वळू. लंडनमध्ये रॉबर्ट पॉल नावाचा यंत्रे बनविणारा कारागीर होता. १९०१ साली त्याने एक मिनिटाच्या आतबाहेरचा एक विनोदी चित्रपट काढला. त्याच्या नावाचा अर्थ ‘खेडूत आणि चलच्चित्र’ असा. एक खेडूत पडद्यापुढे उभा आहे. पडद्यावर नाचणारी बाई दिसते, तर हाही नाचू लागतो. आगगाडी अंगावर येताना दिसते, तर हा जीव घेऊन पळतो. शेवटी आपलाच चोरटा प्रेमप्रसंग त्याला पडद्यावर दिसतो. ही कल्पना इतकी चालली की दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत एडिसनच्या कंपनीने तिची नक्कल काढली.

हा चित्रपट कोणासाठी होता? खेडुतासाठी नक्कीच नव्हता. ज्याने पूर्वी कधी चित्रपट पाहिलाच नाही, त्याला त्यात हसण्यासारखे काय? हसण्यासाठी आगगाडी खोटी आहे हे आधी माहीत हवे. म्हणजे हा प्रेक्षक शहरातला, जत्रेतल्या तंबूत किंवा नाच-गाण्याच्या थिएटरात दोन-चार खेळ पाहून शहाणा झालेला. आणि तेथे मोठ्या संख्येने येत तो कारागीर, गिरणी कामगार आणि त्यांची बायकामुले. इंग्लंडात शहरी लोकसंख्या ग्रामीण लोकसंख्येहून अधिक झाल्याचे १८५१ च्या शिरगणतीत प्रथम दिसले. म्हणजे १९०१ साली हसणाऱ्या कित्येकांचे बाप किंवा आजे खेड्यातूनच आले होते. पडद्यावरच्या खेडुताला हसताना ते आपल्या आजोबांनाच हसत होते, आणि आपण आता तसे राहिलो नाही याचे समाधान मानत होते.

हे मला पुस्तकात वाचून समजले नाही, माझ्या हातून चूक झाली तेव्हा समजले. पेठ रस्त्यावरच्या एका वस्तीत आमच्या संघटनेच्या सभेनंतर मी हा चित्रपट दाखविला. बांधकामावरचे मजूर होते, घरकाम करणाऱ्या बाया होत्या, काही पेठ-सुरगाण्याकडून नुकतेच आलेले. शब्द नाहीत, लांबी थोडी, सर्वांना कळेल असा माझा हिशेब. पोरे हसली. मोठी माणसे गप्प राहिली. शेवटी एका म्हातारबाईने विचारले, “भाऊ, त्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं का?” मला उत्तर सुचेना. पहिल्यांदा शहरात आल्यावर आपल्याला कोणी काही सांगितले नव्हते आणि लोक मात्र हसले होते, हे तिच्या ध्यानात होते.

त्याच संध्याकाळी दुसरा एक इंग्रजी चित्रपट लावला. रिचर्ड लेस्टर आणि पीटर सेलर्स यांनी १९५९ साली तो केला. अकरा मिनिटांचा, दोन रविवारांत एका माळावर, सुमारे सत्तर पौंडांत उरकलेला. मित्रमंडळींनी स्वतःच्या करमणुकीसाठी तो केला होता. फार तर सेलर्सचा रेडिओवरचा ‘गून शो’ ऐकणारे लोक पाहतील एवढीच अपेक्षा. पुढे तो ऑस्कर पारितोषिकाच्या नामांकनापर्यंत पोहोचला. त्यात एक व्यक्ती गुडघ्यावर बसून बादली-ब्रश घेऊन उघड्या माळावरचे गवत घासते आहे. ते दिसताच घरकाम करणाऱ्या बाया खो खो हसू लागल्या. एक म्हणाली, “आमच्या बाईंना दाखवू नका हो, उद्या अंगणातलं गवत घासायला लावतील!”

तेव्हा मी काढलेला निष्कर्ष असा. चित्रपट करणाऱ्याने मनात धरलेला प्रेक्षक एक असतो, आणि त्या विनोदाला लागणारा प्रेक्षक दुसराच असू शकतो. हा दुसरा ओळखायचा तर तीन प्रश्न विचारावेत. पहिला, हसण्यापूर्वी माणसाला काय माहीत असले पाहिजे? भाषा, रेडिओवरचा कार्यक्रम, की फक्त बादली आणि ब्रश? जितके कमी लागेल, तितका तो दूर जाईल. दुसरा, तो कोठे, केव्हा आणि किती पैशांत दिसणार? १८९६ च्या जुलैत मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा पहिला खेळ झाला, त्याचे तिकीट एक रुपया होते. पुढे नॉव्हेल्टी थिएटरात चार आण्यांची जागा निघाली, आणि प्रेक्षक बदलला. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि बहुधा तोच विसरला जातो: हसणे कोणावर आहे, आणि तो माणूस प्रेक्षकांत बसला आहे काय?

तिसऱ्या प्रश्नाचा उपयोग आम्हाला लवकरच झाला. १९९६ च्या कायद्याप्रमाणे बांधकाम कामगाराची नोंदणी व्हायची तर मागील वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागत असे. लोक नोंदणीला येत नव्हते, म्हणून आमच्या तरुण मंडळींनी पाच मिनिटांचा विनोदी चित्रपट लिहिला. त्यात एक अडाणी गवंडी उलटा फॉर्म धरतो, भलत्याच रांगेत उभा राहतो, अंगठा उमटविताना गोंधळतो. वाचताना आम्ही सारे हसलो. मग मला म्हातारबाईचा प्रश्न आठवला. हा चित्रपट गवंड्यांसाठी, आणि हसणे गवंड्यावर! पाहून कोण नोंदणीला येईल? ज्याला जायचे होते तोही घरी बसेल.

आम्ही कथा फिरविली. आता गवंडी नव्वद दिवसांचा दाखला मागायला ठेकेदाराकडे जातो. ठेकेदार म्हणतो, “तुला मी ओळखतच नाही.” गवंडी काही बोलत नाही. ठेकेदार ज्या भिंतीला टेकून उभा असतो, ती कोणी बांधली, कोणत्या दिवशी कोणता थर चढला, कोणत्या दिवशी सिमेंट कमी पडले, हे तो बोटावर मोजू लागतो. मोजणी नव्वदावर येते तेव्हा ठेकेदार हळूच भिंतीपासून दूर सरकतो.

पहिला खेळ त्याच वस्तीत केला. पंचेचाळीसच्या पुढे मोजणी गेली, तेव्हा मागून लोक पडद्याबरोबर आकडे म्हणू लागले.