साहेबांचा वेळ, शिपायाचा मोहल्ला

ठाणे पोलीस आयुक्तालयात भिवंडीचं परिमंडळ वेगळं आहे आणि निजामपुरा हे त्यातलं एक पोलीस ठाणं. महापालिकेच्या नावातही भिवंडीला निजामपूर जोडलेलं आहे. यंत्रमागांची रात्रंदिवस खडखड, अरुंद गल्ल्या, बाहेरून आलेले हजारो कामगार. या गावाच्या नावाला दंगल चिकटली ती 1970 साली. 7 मे रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत ठिणगी पडली आणि आग जळगाव-महाडपर्यंत गेली. त्या दंगलींच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन यांचा आयोग नेमला गेला. 1984 च्या मे महिन्यात भिवंडी पुन्हा पेटली, या खेपेला ठाणे आणि मुंबईसकट. अशा ठिकाणी 1988 मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून आले.

त्यांनी उभ्या केलेल्या मोहल्ला कमिट्यांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, पण बहुतेक वेळा धार्मिक सलोख्याच्या अंगाने. ते योग्यच आहे. मला मात्र तो प्रयोग आणखी एका कारणासाठी मोलाचा वाटतो. कामात बुडालेल्या वरिष्ठाला महत्त्वाच्या कामासाठी सवड कुठून मिळते, या प्रश्नाचं इतकं ठोस उत्तर आपल्याकडे क्वचितच सापडतं.

परिमंडळाच्या उपायुक्ताचा दिवस कसा जातो ते पाहा. सकाळी रात्रीच्या घटनांचा आढावा, मग टपाल, आयुक्तालयातली बैठक, मंत्र्यांच्या दौऱ्याचा बंदोबस्त, दारात ताटकळलेले तक्रारदार, मधूनच पुढाऱ्याचा फोन. गणपती, मोहरम, शिवजयंती ओळीने येतात आणि प्रत्येकाआधी शांतता समितीची बैठक ठरलेली. त्या बैठकीला तेच ते प्रतिष्ठित येतात, भाईचाऱ्यावर बोलतात, चहा घेतात आणि पुढच्या सणापर्यंत दिसत नाहीत. यातलं कुठलंच काम टाकण्याजोगं नसतं, हीच खरी अडचण आहे. दंगल होऊ नये यासाठी वर्षभर जे करायला हवं, त्याला मात्र कुठलीच तारीख नसते. म्हणून ते रोज उद्यावर जातं.

खोपडे यांनी ते काम स्वतःच्या वहीत आणखी एक ओळ म्हणून लिहिलं नाही. त्यांनी ते खाली दिलं. आपल्या पोलीस दलात बहुसंख्य माणसं शिपाई आणि हवालदार या दर्जाची. पण विचार करायचा अधिकाऱ्याने आणि शिपायाने निरोप पोचवायचा, पहारा द्यायचा, काठी घेऊन उभं राहायचं, अशी जुनी वाटणी. 1977 साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगानेही शिपायाचं काम यांत्रिक होऊन बसण्यावर बोट ठेवलं होतं. भिवंडीत ही वाटणी हलवली गेली. गावाचे छोटे भाग पाडले, ते खालच्या पोलिसांच्या जबाबदारीवर सोपवले आणि सत्तरच्या आसपास मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. कमिटीत हिंदू आणि मुसलमान सारख्या संख्येने आणि भर साध्या माणसांवर. व्यासपीठावरच्या नेहमीच्या मंडळींना तिथे विशेष काम नव्हतं.

बैठक सणाची वाट पाहत नसे, नियमित भरे. विषय फार थोर नसत. शेजाऱ्यांचं भांडण, पाण्यावरून कुरबूर, पोराने काढलेली छेड. पण दंगलीत अशाच कुरबुरींना धर्माचं नाव मिळतं, हे भिवंडीने दोनदा पाहिलं होतं. मोहल्ल्यातली कुरबूर मोहल्ल्यातच मिटली तर ती ठाण्यात येत नाही. ठाण्यात आली नाही तर उपायुक्ताच्या टेबलावर चढत नाही. अफवा उठली की खरं-खोटं कोणाला विचारायचं हेही शिपायाला ठाऊक असतं, कारण ती माणसं त्याच्या ओळखीची झालेली असतात.

6 डिसेंबर 1992 ला बाबरी मशीद पाडली गेली. मुंबई डिसेंबरात आणि पुन्हा जानेवारीत जळत होती. भिवंडी शांत राहिली. खोपडे यांनी पुढे याच अनुभवावर ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे पुस्तक लिहिलं. पण त्या डिसेंबरात भिवंडीच्या खुर्चीवर ते नव्हतेच. त्यांची बदली झाली होती आणि गुलाबराव पोळ उपायुक्त होते. पोळ यांनी कमिट्या चालू ठेवल्या. आपल्याकडे नव्या साहेबाची पहिली आवड म्हणजे जुन्या साहेबाचं काम बासनात बांधणं. म्हणून पोळ यांचं श्रेय मला खोपड्यांच्या बरोबरीचं वाटतं. नव्या साहेबाला ही घडी मोडणं सोपं होतं, तरी ती टिकली, कारण तोवर ती शिपायांच्या आणि मोहल्ल्यांच्या हातात गेली होती. 1994 मध्ये मुंबईनेही हा मार्ग धरला. तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे अशी मंडळी त्यात होती.

वरिष्ठाला सवड न मिळण्याच्या या दुखण्याचा जगभर अभ्यास झालेला आहे. कॅनडाचे व्यवस्थापन-अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच मोठ्या संस्थांच्या प्रमुखांमागे बसून त्यांचं काम टिपलं आणि 1973 मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्या प्रमुखांची निम्मी कामं नऊ मिनिटांच्या आत आटोपत होती. तासाभराहून जास्त चाललेली कामं दहात एक. खुर्ची मोठी झाली की विचाराला निवांत वेळ मिळतो, हा समज तिथेच निकालात निघाला. त्याआधी 1967 साली व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी सांगून ठेवलं होतं की नियोजनाच्या आधी वेळ खरोखर कुठे जातो हे लिहून काढा, आठवणीवर विसंबू नका. सल्ला साधा आहे, पण लिहायला बसलं की लाज वाटते.

आपल्या मातीतलं दुसरं उदाहरण तेव्हाच्या अहमदनगरचं. 1980 च्या दशकात तिथे जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची कामाची पद्धतच सुधारायला घेतली. लखिना पॅटर्न या नावाने ती पद्धत राज्यभर गेली. सरकारी कार्यालयांत सहा गठ्ठ्यांची पद्धतही आहे: आज करायची प्रकरणं एका गठ्ठ्यात, उत्तराची वाट पाहणारी दुसऱ्यात, नियतकालिक अहवाल तिसऱ्यात, मग स्थायी आदेश, अभिलेख कक्षात जाणारे कागद आणि शेवटी नष्ट करायचे. ऐकायला हे कारकुनी वाटतं, पण यातला दुसरा गठ्ठा फार कामाचा आहे. साहेबाचं मन ज्याने व्यापलेलं असतं त्यातलं बरंचसं त्याच्या हातात नसतंच. दुसऱ्याच्या उत्तरावर अडलेलं असतं. ते वेगळं बांधून ठेवलं की आजचा गठ्ठा एकदम हलका दिसतो.

कायद्यानेही यात हात घातला आहे. सरकारी कामातल्या विलंबाला प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा 2005 चा कायदा सांगतो की कर्मचाऱ्याकडे फाईल साधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. फाईल चार टेबलं फिरून वर का येते, हा खरा प्रश्न तरीही उरतोच. त्याचं मूळ बहुधा वरच असतं. ‘मला विचारल्याशिवाय करू नका’ हे वाक्य साहेबच कधीतरी बोललेले असतात, आणि नंतर लोक प्रत्येक गोष्ट विचारायला येतात म्हणून तेच वैतागतात.

भिवंडीची गोष्ट इथेच गोड संपत नाही. जुलै 2006 मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून याच भिवंडीत जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबार झाला, माणसं गेली, दोन पोलिसांना जमावाने ठार मारलं. एका कारणावर याचा ठपका ठेवणं घाईचं होईल. पण खाली सोपवलेल्या कामाकडे वरून अधूनमधून पाहावं लागतं, माणसं बदलली की नव्यांना पुन्हा तयार करावं लागतं, आणि हा वेळ साहेबाने स्वतःचा काढायचा असतो. काम सोपवणं आणि काम अंगावरून झटकणं यांत फरक पडतो तो इथे.

यंत्रमागाच्या मालकाला किंवा शाळेच्या मुख्याध्यापकाला यातलं काय उचलता येईल? सगळ्यात आधी आठवडाभर वहीत टिपावं की लोक आपल्याकडे काय विचारायला आले. त्यातले जे प्रश्न तीनदा आले, त्यांचा निर्णय कोणी घ्यायचा हे नावानिशी ठरवावं आणि खर्चाची मर्यादाही आकड्यात सांगावी. मागाचा सुटा भाग अमुक रुपयांपर्यंत विचारायला न येता आणायचा, असं एकदा सांगितलं की सांगणाऱ्याने पाळायचं असतं. बिल जरा चढलं म्हणून ओरडलं की दुसऱ्या दिवसापासून रांग पुन्हा लागते. सुटलेल्या तासाला लगेच वार आणि वेळ द्यावी, नाहीतर नवी बैठक तिथे येऊन बसते. खोपड्यांच्या कमिट्यांनाही बैठकीचे दिवस ठरलेले होते, आणि त्या दिवशी गावात काही घडलेलं नसलं तरी माणसं जमत.