विमानाने जायचे असेल तर

आपल्या डोक्यावरून विमाने जातात. आपण अंगणात येऊन हात हलवतो. पण विमानाने जायचे कसे, हे आपल्या वाडीत थोड्याच जणांना ठाऊक आहे. यंदा माघात माझी आजी पहिल्यांदा विमानाने गेली. म्हणून मी ही माहिती लिहीत आहे. शाळेत आलेल्या पालकांनीही वाचावी.

माझी आत्या बंगळूरला असते. तिला बाळ होणार होते. आजीला जायलाच हवे होते. आगगाडीने जवळजवळ एक दिवस लागतो आणि आजीची कंबर दुखते. म्हणून आत्याने विमानाचे तिकीट काढले. आजी म्हणाली, "मी येकटी नाय जायची. एस्टी चुकली तर दुसरी येते. इमान चुकलं तर?" दोन दिवस ती नीट जेवली नाही. मग बाबांनी शेजारच्या काकांना बोलावले. ते बोटीवर नोकरीला आहेत आणि नेहमी विमानाने जातात. त्यांनी सांगितले ते असे.

१) नाव : तिकिटावर आणि ओळखपत्रावर नाव एकच असावे. आजीला सगळे बाय म्हणतात, पण आधार कार्डावर तिचे खरे नाव आहे. आत्याने आधी कार्डाचा फोटो मागवला, मग तिकीट काढले. देशातल्या देशात आधार कार्ड चालते. परदेशी जायला पासपोर्ट लागतो.

२) वेळ : देशातल्या प्रवासाला २ तास आणि परदेशच्या प्रवासाला ३ तास आधी पोचावे. सामान घेणारे काउंटर साधारण १ तास आधी बंद होते. नवी मुंबईचा विमानतळ आपल्याच रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात उलव्याजवळ आहे. त्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबर २०२५ पासून तिथून विमाने उडू लागली. त्याआधी आपल्याला मुंबईत सहारपर्यंत जावे लागे. जवळ झाला तरी आपल्याकडचा रस्ता वळणांचा आहे. म्हणून आम्ही पहाटे ३ वाजता निघालो. विमान दुपारचे होते.

३) सामान : मोठी बॅग काउंटरवर वजन करून देतात. ती विमानाच्या पोटात जाते. लहान पिशवी आपल्याजवळ राहते. देशात बहुतेक तिकिटांवर मोठी बॅग १५ किलो आणि लहान ७ किलो चालते, पण तिकिटावर काय लिहिले आहे ते बघावे. चाकू, कात्री, विळी लहान पिशवीत नको. आजीच्या बटव्यात अडकित्ता असतोच. तो आम्ही मोठ्या बॅगेत टाकला. लोणच्याची बरणीसुद्धा मोठ्या बॅगेत. काडेपेटी कुठेच नको. मोबाईल चार्ज करायची पॉवर बँक मात्र जवळच्या पिशवीत ठेवावी, मोठ्या बॅगेत नाही.

आजीने आत्यासाठी सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बांधल्या होत्या. काका म्हणाले, सुके खोबरे विमानात नेऊ देत नाहीत. त्यात तेल असते, ते तापून पेटू शकते. आजी हिरमुसली. मग आई म्हणाली, "इथेच लाडू करू या की." रात्री सगळ्यांनी खोबरे किसले आणि डिंकाचे लाडू केले. लाडू चालतात.

४) अंक : विमानात चढायच्या दाराला गेट म्हणतात. त्याचा नंबर आणि बसायच्या जागेचा नंबर बोर्डिंग पासवर इंग्रजीत असतो. आजीला मराठी अंक येतात, इंग्रजी येत नव्हते. इंग्रजी आठ तिला आपला चार वाटे आणि इंग्रजी नऊ आपला एक वाटे. असे झाले तर माणूस भलत्याच गेटवर जाऊन बसेल! मी तिला रोज संध्याकाळी ओट्यावर पाटी घेऊन अंक शिकवले. आठ दिवसांत तिला सगळे आले. गेट कधी कधी बदलते, म्हणून फळ्यावर बघत राहावे आणि विचारावे.

ज्यांचे तिकीट असते तेच आत जातात. बाबा आणि मी दाराबाहेर राहिलो. आजी लुगड्याचा पदर सावरत एकटीच गेली. मला रडू आले. पुढचे मी पाहिलेले नाही, आजीने सांगितले ते लिहिते.

आत शिपाई सामान आणि माणसे तपासतात. मोबाईल, पट्टा ट्रेमध्ये ठेवावा लागतो. घाबरू नये, सगळ्यांनाच तपासतात. म्हाताऱ्या माणसांना चाकांची खुर्ची मिळते, तिकीट काढतानाच सांगून ठेवावे. आजी म्हणाली, माझे पाय धड आहेत, मी चालतच गेले. विमानात कमरेला पट्टा बांधतात. बांधता आला नाही तर तिथल्या ताई बांधून देतात. विमान साधारण ३५,००० फूट उंच जाते. आपला रायगड किल्ला २,७०० फूट आहे, म्हणजे जवळजवळ १३ रायगड एकावर एक! चढताना आणि उतरताना हवेचा दाब बदलतो, त्यामुळे कान गच्च होतात. तेव्हा आवंढा गिळावा. आजीने आवळा सुपारी चघळली.

आजी दोन तासांच्या आत बंगळूरला उतरली. पाचव्या दिवशी आत्याला मुलगी झाली. लाडू वेळेवर पोचले होते.

आता वाडीतल्या बायका आजीला विमानाचे विचारायला येतात. आजी सांगते, "इमान अवघड नाय. ठाऊक नसेल तर इचारायचं. लाजला तो चुकला." आणि मग ती पाटी मागते आणि त्यांना इंग्रजी आठ काढून दाखवते.

(इयत्ता ४ थी)